पासंग

माझी तागडी जुनी. उजवं पारडं जरा हलकं,
म्हणून त्याच्या साखळीला एक नट बांधलाय,
सायकलवाल्याकडून मागून आणलेला.
नवं गिऱ्हाईक संशयाने बघतं. मी सांगते,
हे मापात पाप नाही, बाई, पासंग आहे.
गुलूच्या बाजारात बावीस वर्षं नाचणी विकते मी.
खोट्या तागडीत आणि खऱ्या तागडीत
कधी कधी एका नटाचाच फरक असतो.

आर्येमो आली आणि म्हणाली, साडेतीनशे ग्रॅम दे.
तिच्या घरी तोंडं नऊ, मला ठाऊक.
साडेतीनशे ग्रॅमने कुणाचं काय होतं?
"शिजवायची नाही," ती म्हणाली,
आणि खांद्यावरचं कापड सारखं केलं.
उजव्या बाजूला झगा सपाट होता,
झाडून घेतलेल्या अंगणासारखा.

गाठ हाताला लागली तेव्हा शेंगदाण्याएवढी.
तेव्हा पेरणी होती. मग काढणी. मग दिराचं लग्न.
मग कुणी पाला वाटून दिला, कुणी तेल मंतरून.
दुखत नव्हती ना,
तोच तिचा दगा.
कंपालाला पोचली तेव्हा लिंबाएवढी.
तुकडा काढला, त्याचा कागद यायला दोन महिने.
मशीन बंद होतं, म्हणून व्हरांड्यात चटई टाकून अकरा रात्री.
नवऱ्याने सायकल विकली, मग दोन शेळ्या,
मग भावाने शेताचा ओढ्याकडचा पट्टा.
परतताना करुमाच्या पुलावर
अख्खी बस उजवीकडे वाकून नाईलचं पाणी बघत होती.
ती म्हणते, मी एकटीच डावीकडे कलत होते.
सहा महिने कलतच होते.
डोक्यावर पाण्याचा कॅन ठरेना.

लामुनू शिंपीण (तिचं डावं गेलं, त्याला चार वर्षं झाली)
गणवेशाच्या उरलेल्या कापडाच्या गोल पिशव्या शिवते.
कापूस भरून बघितला: वर सरकतो, गळ्यापाशी येतो.
तीळ भरले: तेल सुटतं, मुंग्या लागतात.
नाचणीला वजन असतं. अंगाची ऊब धरते,
वाकलं की वाकते.
फक्त एकदा, घामाने असेल,
अचानच्या पिशवीला चर्चमध्ये मोड आला.
हो, मोड. पांढरा, शिवणीतून बाहेर.
उपदेश चालू असताना ती हसू दाबत उठली,
थेट माझ्या दुकानाशी आली,
आणि आम्ही फक्त जमिनीवर लोळायच्या बाकी राहिलो.
तेव्हापासून मी भाजून देते.

डॉक्टर पाच वर्षं म्हणतात.
पाच काढली की वहीत नाव वेगळ्या पानावर जातं.
माझ्या वहीत पान एकच: कुणाला किती ग्रॅम, कधी.
सात-आठ महिन्यांत दाण्याचं आतल्या आत पीठ होतं,
बदलावं लागतं.
बदलायला येते ती आहे.
जिची तारीख उलटते, तिच्या गावची कुणी दिसली
तर आधी तिळाचा भाव विचारते मी,
मग पाऊसपाणी,
मग ती.

लालामच्या सासूने पिशवी परत आणून दिली.
बाहेरून पुसलेली. आत दाणे तसेच.
पैसे नकोत म्हणाली. मग काय हवं होतं
ते तिलाही सांगता येईना, बसून राहिली.
मी सवयीने पिशवी पारड्यात टाकली.
दोनशे ऐंशी. वहीतही दोनशे ऐंशी.
पोत्यात ओतवली नाही. मागे खिळ्याला टांगलीय,
आणि शेजारचं कोंबडं रोज तिच्याकडे मान वर करून बघतं.

काल आर्येमो आली. ही तिची सातवी खेप.
डोक्यावर भरलेला कॅन, हात मोकळे,
भाव ऐकून भांडायला तयार.
मी पारड्यात एक चिमूट जास्त टाकली, तिचं लक्ष नाही असं बघून.
तिने बोटांनी ती उचलली आणि पोत्यात परत टाकली.
"वाकडी करशील मला," म्हणाली.